जिन्यातला मुक्काम

“आधी कार्ड,” ताई म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर आपल्याच बॅगेवर बसली.

“कसलं कार्ड?” धाकट्या भावानं विचारलं. त्याच्या एका हातात तिची उशी होती, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी.

“लसींचं. तुझ्या भिंगरीच्या सगळ्या लसी झाल्यात असं दिसल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही.”

ताईनं अठ्ठावीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली होती. विनातिकीट माणसाला सोडायचं नाही, हे तिच्या रक्तातच होतं. त्याच रक्तात मागच्या वर्षी दुखणं निघालं. उपचारांचं हॉस्पिटल भावाच्या घरापासून चार पावलांवर, म्हणून ती तीन महिने त्याच्याकडे राहायला आली होती. म्हणजे जिन्यापर्यंत तरी आली होती.

भावाचं रस्त्याच्या कोपऱ्यावर सलून होतं. गिऱ्हाइकं त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत, कारण कात्री सुरू झाली की त्याचं व्याख्यानही सुरू व्हायचं. सकाळी मोबाईलवर आलेला निरोप दुपारपर्यंत त्याचं स्वतःचं संशोधन झालेलं असे. लस या विषयावर तर तो दाढी होऊन पावडर लागली तरी थांबत नसे. भिंगरी झाली तेव्हा त्यानं बायकोला ठणकावून सांगितलं होतं, आपल्या पोरीला सुई लावायची नाही. बायको ‘बरं’ म्हणाली होती. त्या एका ‘बरं’वर तो पाच वर्षं निर्धास्त होता.

“ताई, अगं लोक बघतायत,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

लोक खरंच बघत होते. वरच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्यांदा जिना उतरल्या होत्या. समोरच्या दारातले आजोबा खुर्चीच घेऊन बसले होते. आतून वहिनीनं चहाचा कप आणून दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

“तू तरी समजाव हिला,” तो बायकोला म्हणाला.

“मी काय बोलणार? पोरीला सुई नको, असं तुम्हीच म्हणाला होता,” ती म्हणाली आणि पदर तोंडाशी नेऊन खोकली.

मग प्रोफेसरनं ठेवणीतलं व्याख्यान काढलं. “आपल्या लहानपणी कुठं होती ही थेरं? मला गोवर झालाच ना? मेलो का मी?”

“नाही मेलास. अकरा रात्री मी तुझ्या उशाशी बसले होते म्हणून तुला ते गमतीचं वाटतं. शेजारची ठकी त्याच साथीत गेली. तुला ती आठवत नाही. मला आठवते.” ताईनं चहाचा घोट घेतला. “डॉक्टर म्हणाले, औषधांनी माझ्या अंगातले सगळे पहारेकरी झोपवलेत. मला आता ती लस देताही येत नाही. आसपासच्या माणसांनी घेतली, तर मी वाचायची. पलीकडच्या गल्लीत दोन पोरांना गोवर निघालाय, ठाऊक आहे ना?”

“पण शास्त्रात असं आहे की…”

ताईनं डोक्यावरचा रुमाल सोडला. खाली एक केस नव्हता.

“बघ,” ती हसून म्हणाली, “तुझ्या हाताजोगं काम उरलंच नाही.”

समोरचे आजोबा खाली बघायला लागले. प्रोफेसरनं आजवर हजारो डोकी हाताळली होती, पण या डोक्याकडं त्याला बघवेना. शाळेत जाताना हीच त्याची हनुवटी धरून भांग पाडायची. थोडा हलला तर टपली द्यायची.

“भिंगरे,” त्यानं हाक मारली, “चप्पल घाल.”

दवाखान्यात रांग होती. तो लेकीचा हात घट्ट धरून बसला. “घाबरायचं नाही हं, मुंगी चावल्यासारखं होतं,” असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि घाम मात्र त्यालाच फुटला होता. भिंगरी भिंतीवरची चित्रं मोजत होती.

नंबर आला. नर्सनं नाव विचारलं, जाड रजिस्टर उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं.

“अहो, हिचं काही राहिलेलं नाही. सगळे डोस वेळच्या वेळी झालेत.”

“दुसरी कुणी असेल ती. आमच्या घरात कुणीच…”

“मीच ती, बाबा!” भिंगरी म्हणाली. “मागच्या वेळी मी रडलेपण नाही. या मावशींनी मला शाबासकी दिली. आई आणि आत्या दोघी आल्या होत्या.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“तुम्ही विचारलंच नाही,” भिंगरी म्हणाली.

प्रोफेसर तीन मजले एका दमात चढला. जिना रिकामा होता. आत ताई त्याच्याच आरामखुर्चीत पाय पसरून बसली होती. वहिनी तिच्या पाठीशी उशी लावत होती. दोघींनी एकदम त्याच्याकडं बघितलं आणि दोघींना एकदम हसू फुटलं.

“तुला माहीत होतं!” तो दारातूनच ओरडला. “पोरीला लस द्यायला तूच गेली होतीस! मग सकाळपासून जिन्यात तमाशा कशाला केलास?”

ताईचं हसू हळूहळू ओसरलं.

“मी भिंगरीसाठी नव्हते रे बसले. हॉस्पिटलला जायचा माझा रस्ता तुझ्या सलूनवरून जातो. त्या रस्त्यावर अकरा पोरं बिनलसीची आहेत, आणि अकराही जणांचे बाप दाढीला तुझ्याकडेच येतात.”