यांचा चहा कसा?

“दहा जोड्या तुमच्यापुढे बसल्या, काका. आठ मोडल्या.” क्षितिजानं लॅपटॉप शरदचंद्रांकडे फिरवला. “बाकीच्या दोन टेबलांवर दहातल्या आठ जुळतात. सहा महिन्यांचं बघितलंय मी.”

शरदचंद्रांनी पडद्याकडे बघितलंच नाही. जन्मभर रेल्वेत तिकिटं तपासलेला माणूस. रिटायर झाल्यापासून मल्हारगंजातल्या ह्या समेट केंद्रात फुकट बसायचे. नवरा-बायकोची भांडणं कोर्टात जायच्या आधी इथं यायची. तीन टेबलं, तीन समजावणारे. जिन्याजवळचं तिसरं टेबल त्यांचं. क्षितिजा पुण्याची, ट्रस्टनं नवीनच आणलेली. वाईट नव्हती पोरगी. पण आकडा दिसला की माणूस दिसायचा नाही तिला.

“तुमच्या बोलण्यातच काहीतरी असणार,” ती म्हणाली. “उद्यापासून तुम्ही फायली बघा. टेबल राहू द्या.”

“असेल,” ते म्हणाले. बस, एवढंच. भांडले पण नाहीत. किती दिवस त्यांना स्वतःलाच वाटत होतं. जेवता जेवता हात थांबायचा. आपण तोंड उघडतो आणि लोकांची घरं उसवतात. आज कुणीतरी ते लिहून दाखवलं. त्यांनी पेन खिशाला लावलं, सुपारीची डबी उचलली. मग आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. तिथं सांवेर गावची जोडी बसली होती, सुजय आणि मिताली. चौथी खेप. दोन तास दोघांचं ऐकून घेऊन, मग त्यांना दोघांनाच बोलायला सोडून ते बाहेर आले होते.

“यांचं तेवढं होऊ द्या,” ते म्हणाले. “मग जातो.”

सुनंदाबाई केटली घेऊन दारात उभी होती. केंद्राचा चहा तीच करायची. कोणत्या जोडीनं कोणत्या टेबलावर जायचं, तेही तीच सांगायची.

“मॅडमजी, काकांना कशाला उठवता? जे फाटलेलं येतं ते सगळं मीच धाडते ना त्यांच्याकडे.”

क्षितिजा वळली. “म्हणजे? नंबरानं नाही पाठवत तुम्ही?”

“नंबर-बिंबर काही नाही. जोडी आली की मी बाईला विचारते, यांचा चहा कसा? शक्कर कम, दूध जादा, काही पण सांगितलं तर एक नाहीतर दोन नंबर टेबल. तिथं खांबाला बसवा समजवायला, तरी जुळेल. बाई म्हणाली, त्यालाच विचारा, की सीधं तीन नंबर. ते दुसऱ्या कुणाचं काम नाही.”

शरदचंद्र हळूच खाली बसले. “अगं, पाच वर्षांत मला बोलली नाहीस कधी?”

“तुम्ही विचारलं कधी? रोज मेलेलं तोंड करून चहा पिता आणि कप ठेवून देता.”

क्षितिजानं लॅपटॉप परत आपल्याकडे ओढला. मग एकदम खुलली. “मग सगळ्या बायकांना आधीच सांगू ना! नवऱ्याचा चहा कसा, ते पाठ करून या.”

सुनंदाबाई हसली, पण दमल्यासारखी. “पाठ करून काय होतं, मॅडमजी? चहानं घर थोडंच जुळतं? आत कुठं जुळलेलं असतं, म्हणून चहा ध्यानात राहतो.”

क्षितिजानं लॅपटॉप मिटला. “आणि तीन नंबरच्या त्या दोन जोड्या? त्या कशा जुळल्या?”

“मला काय माहीत,” शरदचंद्र म्हणाले. “मी नुसता बसतो. थकेपर्यंत बोलू देतो.”

तेवढ्यात आतलं दार उघडलं. पुढे सुजय, खाली मान. दोन पावलं मागे मिताली, डोळे सुजलेले. पहिल्या दिवशी हिनंच सुनंदाबाईला फटकारलं होतं, “त्यालाच विचारा, तोंड आहे त्याला.”

आज सुनंदाबाईनं काही विचारलं नाही. गपचूप दोन कप मांडले, केटली तिरकी केली. मितालीनं भिंतीकडे बघतच हात आडवा घातला.

“थांबा मावशी, अदरक आहे का त्यात? यांना नका देऊ. छातीत जळजळतं यांच्या.”