उपरण्याखालचा भाव

सत्त्याण्णव साली श्रीरामपूरच्या एका कॉलेजात संगणक-व्यापार संशोधन केंद्र निघालं, तेव्हा केंद्र म्हणजे एक कॉम्प्युटर, प्राध्यापक भीमराज आणि त्यांच्या सहायक ज्योती मॅडम. घोडेगावच्या बैलबाजाराचे भाव गोळा करायचे, हा पहिला प्रकल्प. तो फसला तर विद्यापीठ केंद्रच बंद करणार होतं.

पण घोडेगावात सौदा उपरण्याखाली व्हायचा. बैल विकणारे हेडी आणि गिऱ्हाईक झाकल्या हातांनी एकमेकांची बोटं दाबत, आणि तिसऱ्याला भाव कळत नसे. भीमराज वही घेऊन सकाळभर नुसतेच फिरले. शेवटी म्हाताऱ्या बन्सी हेड्यालाच त्यांची दया आली.

"तुमी सहादेवाचं पोरगं ना, मास्तर? आना हात."

उपरण्याखाली बन्सीनं त्यांचा हात घट्ट धरला आणि एकेका जोडीचा भाव बोटांवर दाबून सांगितला.

"ह्यो आपल्या दोघांतला बरं का. तुमच्या त्या मशिनीला न्हाई सांगायचा."

सोमवारी ज्योती मॅडमनी अहवाल पाहिला. भावाचा रकाना कोरा होता.

"सर, भाव कळलेत म्हणालात ना तुम्ही? मग लिहा की. केंद्र जाईल हो आपलं."

भीमराजांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"माझ्या वडिलांनी त्याच बाजारात चाळीस वर्षं बैल नेले, मॅडम. त्यांच्या हाताला कुणी हात लावत नसे. त्यांना भाव लांबूनच, सगळ्यांदेखत ओरडून सांगत."