ओढ्यातला अबोला

दुकानाची वाटणी झाल्यापासून अक्कम्मा आणि तिची धाकटी जाऊ एकमेकींशी बोलत नव्हत्या. सोलापूरहून पोरांनी दोघींना जंगलात क्वाड बाईकवर फिरवायला आणलं, तरी अबोला सुटला नाही. ओढा ओलांडताना जावेच्या मुलानं अक्कम्माच्या गाडीला मुद्दाम धडक दिली. अक्कम्मा पाण्यात पडली, गळ्यातला दोरा तुटून लिंगाचा चांदीचा करंडा बुडाला. लहानपणी लिंगायत दीक्षेत गुरूकडून मिळालेलं, कायम गळ्यात बाळगायचं लिंग. त्याच्या पूजेवाचून तिनं कधी घास घेतला नव्हता. ती गुडघाभर पाण्यात चिखल चाचपू लागली. "मठातनं नवं मिळतंय की!" काठावरून जाऊ हवेला ऐकवल्यासारखं म्हणाली. तेवढ्यात मागच्या गटाच्या गाड्या गुरगुरत उताराला लागल्या. करंडा चाकांखाली चेंगरणार होता. पदर खोचून जाऊ ओढ्यात उतरली, गाड्यांपुढे उभी ठाकली. "चाक भिजवून तर बघा!" मग अक्कम्मावर खेकसली, "माझ्याकडं काय बघताय? बोलत न्हाय मी तुमच्याशी. शोधा!"