जंगलाखालचा मळा

"आधी फेल्टलीनर घ्या," सेवेरिन क्रेनमायर बाईंपुढे पेला ठेवत म्हणाला. "आमच्या ऑस्ट्रियाच्या वाइनची ओळख करून घ्यायची, तर थोरल्यापासून. जिभेला मिरी लागते का बघा."

"लागते," बाई म्हणाल्या.

गुम्पोल्ड्सकिर्शन गावातल्या त्याच्या वाइनघराच्या अंगणात दुपारचं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. नवी वाइन सुरू झाल्याची खूण म्हणून पाइनची फांदी सकाळीच दारावर टांगली होती. बाई तेहेतीस-चौतीसच्या, बोलणं अस्सल व्हिएन्नाचं, पण रंग परक्या उन्हाने रापलेला. नाव त्यांनी एडिट पेर्ल सांगितलं.

जंगलाखालचा मळा एकोणीसशे अडतीस सालापर्यंत पेर्ल नावाच्या ज्यू डॉक्टरचा होता. त्या साली नाझी आले, आणि मळा सेवेरिनच्या बापाच्या, अलोइसच्या नावावर झाला. कसा, ते अलोइसने मरेपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की तोंडात मिठाची गुळणी. तसाही तो मुलाशी फारसा बोलायचा नाही. अकरा-बारा वर्षांचा सेवेरिन नाझींच्या पोरांच्या पथकाचा गणवेश चढवून गाणी म्हणत गावातून कवायत करायला लागला, तेव्हापासूनच ते बोलणं आटलं होतं.

चुलतभाऊ इग्नाट्स मात्र चारचौघांत खिजवायचा, "काकाने ढापलेल्या मळ्याची वाइन जरा जास्तच गोड लागते, नाही?" मनातून सेवेरिनलाही तेच वाटायचं. पण घर चालायचं ते त्याच मळ्यावर.

आणि आता मालकीण दारात येऊन बसली होती.

त्याने घाईघाईने पुढचे दोन पेले भरले. "ही जोडी. हा त्सीअरफांडलर, आंबट आणि तापट. हा रोटगिप्फलर, अंगाने भरलेला, शांत. एकेकट्याला कोण विचारतो? एका पिंपात नांदवले की कुठे संसार होतो त्यांचा!"

बाई हसल्या. "माझे वडीलही हेच म्हणायचे. वसंतात गेले ते. इथे जंगलाखाली एक मळा आहे ना? कोणाचा तो?"

"आमचाच. आजोबांपासून."

पाव आणि चरबीची ताटली घेऊन येणारी त्याची बायको नोटबुर्गा वाटेतच थबकली.

"आणि तुमचे वडील? कसे होते ते?" बाईंनी विचारलं.

इथेच धागा तोडलेला बरा, असं सेवेरिनने ठरवलं. असल्या माणसाच्या घरी परत काही मागायला कोण येणार?

"स्पष्ट बोलतो, बाई, राग मानू नका. तुमच्या लोकांना त्याने उंबरा चढू दिला नसता. कोणी सापडला असता, तर स्वतः नेऊन पोलिसांच्या हवाली केला असता. तसलाच होता तो."

"सेवेरिन!" नोटबुर्गा पुटपुटली.

तो कोरडंच टेबल पुसत राहिला. बापाबद्दल असं बोलताना त्याची त्यालाच शरम वाटली. पण मळा वाचत होता.

बाईंनी पेला दूर सारला. मग पर्समधून एक पिवळं पडलेलं पाकीट काढून त्यांनी त्याच्यापुढे ठेवलं.

"वडिलांचं पत्र आहे. मळा त्यांनी अलोइसना आपखुशीने दिला, असं लिहिलंय. तो तुमचाच आहे, माझं काही मागणं नाही. मी आभार मानायला आले होते."

"आभार? कशाचे?"

"युद्धात आईला आणि मला तुमच्या वडिलांनी एकोणीस महिने इथल्या तळघरात, पिंपांमागे लपवलं." बाई उठल्या. "रोज पाव घेऊन यायचे, आणि जाताना रोज बजावायचे: बाकी कुणाचं भय नाही, पण माझ्या सेवेरिनला चाहूल लागू देऊ नका."