नत्थूजी रोज हरतो

"जोकर फेकला? अहो, जोकर कोणी फेकते काय?" मेथी निवडता निवडता इंदिराबाईंनी नवऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावून विचारलं.

"चुकला हात," बंडोपंत म्हणाले आणि मोबाइल जरासा तिरका धरून बसले.

चुकला म्हणे! बंडोपंत मास्तर गणपतीत रमीला बसले की अख्ख्या रोहणा गावात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तोच माणूस आता मोबाइलवर पैसे लावून रोज हरत होता. खेळायचा तो नत्थूजी या नावानं. रिटायर मास्तर आपलं खरं नाव तिथं कशाला टाकतो! समोर भिडू मात्र रोज एकच.

इंदिराबाईंच्या जिवाला घोर लागला होता. याच खेळापायी त्यांचा सुमीत घराबाहेर गेला. पतसंस्थेतली नोकरी गेली, आईच्या पाटल्या गेल्या, आणि शेवटी बंडोपंतांनी त्याचा मोबाइल हिसकून पाहिला. "हे सुटल्याशिवाय या घरात पाय ठेवू नको," असं म्हणून तो परत त्याच्या हातात दिला आणि दार लावलं. पोरगा आता नागपुरात खोली घेऊन राहत होता. आईशी बोलायचा, बापाशी शब्द नाही. दोन दिवाळ्या त्याच्या ताटाशिवाय गेल्या.

आणि आता बापानंच तो नाद धरावा!

"मी सांभाळून खेळतो," बंडोपंत समजावायचे. "पन्नासच्या वर लावत नाई. दिवेलागणीले एक डाव, बस. हरलेलं काढासाठी दुसरा डाव नाई, उधारी तर नाईच नाई."

"सुमीत बी पहिले असंच म्हणे."

यावर बंडोपंत पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायचे. त्यांचं एक भलतंच होतं. हरले की चेहरा निवळायचा, चार घास जास्त जायचे. हरून खुशीत आलेला नवरा पाहिला की इंदिराबाईंना रडूच यायचं. पोरगा गेला, आता हाही हातचा गेला, असं वाटून त्या पदर तोंडाला लावायच्या.

त्या संध्याकाळी देवापाशी दिवा लावला आणि सुमीतचा फोन आला. बंडोपंत ओसरीवर मोबाइल घेऊन बसलेच होते. इंदिराबाईंनी मुद्दाम स्पीकर लावला. ऐकू दे म्हटलं बापालाही.

"आई, हा नाद सोडासाठी मी डॉक्टरीणबाईकडे जाऊन राह्यलो. सारे ॲप काढून टाकले."

"माय वो! खरंच? मंग घरी येजो ना रे बाबू. मी बोलतो तुह्या बाबाशी."

"कसा येऊ? रमीचं एक सुटून नाई राह्यलं. त्यात एक म्हातारा येते रोज, नत्थूजी म्हणून. दरवेळी हरते. जोकर फेकते, आई, जोकर! तो हरला की वाटते, आपलं नशीब अजून शाबूत आहे. मंग मोठ्या टेबलावर जाऊन बसतो आन सारं घालवून येतो. उद्या सोडू म्हणतो, तर उद्या तो पुन्हा हरते."

इंदिराबाईंच्या हातातली काड्यापेटी खाली पडली.

"तो म्हातारा नसता ना, तर मी कवाचाच सुटलो असतो. कवाचाच घरी आलो असतो. ठेवतो, आई. त्याची वेळ झाली."

फोन बंद झाला. इंदिराबाई ओसरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बंडोपंतांनी वर पाहिलं नाही.

तेवढ्यात त्यांच्या हातातला मोबाइल वाजला. दार लावलं त्या दिवशी बंडोपंतांनी सुमीतच्या मोबाइलवर वाचून पाठ केलेल्या त्याच्या खेळातल्या नावानं भिडूनं लिहिलं होतं, "या नत्थूजी, बसा."