उघडीप

थोरला भाऊ वादळात बेपत्ता झाला, आणि त्यानंतर वारा काही पडेना. हंगाम सरत आला तरी एकही होडी किनाऱ्यावरून हलली नव्हती. आज समुद्र शांत झाला. दूरवर ट्यूना माशांच्या झुंडीवर पाखरं घिरट्या घालत होती. धाकट्याने गळाचे दोर वाळूवर काढून ठेवले आणि होडी पाण्यात लोटली.

वहिनीने दोर उचलून पुन्हा होडीत टाकले.

"वहिनी, मी दादाला शोधायला निघालोय."

"माहीत आहे, भावजी. पण पाणी बदललं की हा मासा निघून जाईल. घरात पोरं आहेत."

"एकट्याला ओढवत नाही तो."

ती होडीत चढली आणि नवऱ्याच्या जागेवर बसली.

"चला. हात दोरावर ठेवू, डोळे पाण्यावर."