हँडब्रेक

“अजून एक गाडी आणा, अजून फट दिसतेय!” सोसायटीचे अध्यक्ष कू हातवारे करत ओरडले. कोपऱ्यावरची पांढरी गाडी मागे मागे सरकत आली आणि आधीच्या दोन गाड्यांच्या मध्ये चपखल बसली. “आता हँडब्रेक लावा. आज न्यूट्रल नाही. आज कुणाची गाडी कुणी ढकलायची नाही.”

सुरिन मोजपट्टी हातात धरून बघत राहिली. एरवी इथे जागा नसली की लोक दुसऱ्याच्या गाडीपुढे आपली गाडी आडवी लावत, पण न्यूट्रलमध्ये ठेवून जात. ज्याला बाहेर पडायचं असेल त्याने खांदा लावून ती सरकवायची. इतकी वर्षं हा शेजारधर्म बिनबोभाट चालला होता. आज मात्र विद्यापीठाची पाहणी होती, आणि सकाळपासून सगळ्या गाड्यांना हँडब्रेक लागले होते.

रस्त्यापलीकडच्या सोसायटीवर भलामोठा कापडी फलक फडफडत होता: ‘अभिनंदन! आमच्या इमारती धोकादायक ठरल्या!’ सोलमध्ये जुनी इमारत धोकादायक ठरली की ती पाडून तिथे टोलेजंग मनोरा उभा राहतो आणि घरमालकांचं नशीब फळफळतं. म्हणून इथली माणसंही आपलं घर मोडकं ठरावं यासाठी देव पाण्यात घालून बसली होती. सकाळपासून घरोघर तिने तेच ऐकलं. नळाला गंजाचं पाणी येतं, भिंतींना ओल आहे, वरच्या मजल्यावरची शिंकसुद्धा खाली ऐकू येते. एका बाईने तर न्हाणीघराच्या भिंतीवर स्वतःच पाणी मारलं होतं आणि बादली लपवायची विसरली होती. भिंती ठणठणीत होत्या, कुजली होती ती माणसं. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा सुरिनला नको झालं.

स्वतःचीही किळस यायला लागली होती. नगर आणि प्रादेशिक नियोजनाची पदवी आणि तिच्यावरची पदव्युत्तर पदवी, दोन्ही एका दमात उरकणाऱ्या जलद अभ्यासक्रमाला ती होती. तिचा प्रबंध याच पाहणीवर होता. तो या सत्रात मंजूर झाला तर महापालिकेत नोकरी ठरलेली होती. नाही झाला तर जलद वर्गातून नाव कटणार आणि शिष्यवृत्तीही जाणार. मंजुरीचा शिक्का तिचे मार्गदर्शक नाम सर यांच्याकडे होता, आणि सोसायटीने पाहणीचं काम दिलं होतं तेही नाम सरांनाच.

फोन वाजला. सरच होते.

“इमारत धोकादायक ठरायला गुण जरा कमी पडतायत, सुरिन. आगीच्या बंबाची वाट अडलेली दिसली की काम झालं. एक चांगला फोटो काढ.”

“सर, यांनी गाड्या मुद्दाम लावल्यात. माझ्या डोळ्यांदेखत.”

“फोटोत ‘मुद्दाम’ दिसतं का?” सर हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

या सगळ्या उकिरड्यात तिला एकच माणूस बरा वाटला होता. तळमजल्यावरचे प्यॉन आजोबा. दारातल्या बाकावर ते नुसते बसून होते. तिला उन्हात मोजताना पाहून त्यांनी हाक मारली, बसायला जागा दिली, जवाच्या चहाचा पेला पुढे केला. “जेवलीस का पोरी?” एवढंच विचारलं. नळ नाही, ओल नाही, घराविरुद्ध चकार शब्द नाही. तो चहा ती प्याली.

मोजपट्टी गुंडाळत असतानाच मागे पेला फुटल्याचा आवाज झाला. प्यॉन आजोबा छाती धरून बाकावर कलंडले होते. घरातून धावत आलेल्या त्यांच्या बायकोने किंकाळी फोडली. कुणीतरी फोन केला, रुग्णवाहिका फाटकापर्यंत झपाट्याने आली आणि आडव्या गाड्यांपुढे थांबली. दोघा सेवकांनी पांढऱ्या गाडीला खांदे लावले. गाडी तसूभरही हलली नाही. गाडी लावून मालक सुट्टीचा डोंगर चढायला गेला होता आणि किल्ली त्याच्याबरोबर गेली होती.

“काढ, पोरी, फोटो काढ!” अध्यक्ष कू धावत आले. त्यांचा चेहरा उजळला होता. “असा पुरावा मागून मिळायचा नाही!”

सुरिनचा हात सवयीने वर गेला. तिने फोटो काढला. मग पडद्यावर पाहिलं. अडलेली रुग्णवाहिका, गाडीला खांदे लावलेली दोन माणसं आणि कडेला दात दिसणारे अध्यक्ष. तिला कोरडी उलटी आली. तोंड पुसून तिने अध्यक्षांच्या नाकासमोर फोन धरला आणि तो फोटो पुसून टाकला.

“अगं, वेड लागलं का तुला? नाम सर काय म्हणतील?”

“काय म्हणायचं ते म्हणू देत. वाट तुम्ही अडवलीत. मी तेच लिहिणार. शिक्का मिळो नाहीतर चुलीत जावो. माणूस मरतोय तिथे, लाज वाटत नाही तुम्हाला?”

अध्यक्ष काही बोलायच्या आत ती पळत सुटली. सेवकांनी आजोबांना स्ट्रेचरवर घेतलं होतं आणि डोक्याच्या उंचीवर उचलून गाड्यांमधून वाट काढत होते. सुरिनने एका बाजूला हात दिला. फाटकाशी स्ट्रेचर खाली टेकलं तेव्हा आजोबांचे ओठ निळे पडले होते. तिने त्यांचा गार हात धरला.

“आजोबा, माफ करा,” ती म्हणाली. तिला रडू आवरेना. “मी आधीच ओरडायला हवं होतं.”

आजोबांनी तोंडावरचा मास्क बोटाने बाजूला केला आणि तिला जवळ बोलावलं. ते शिव्या घालतील असं तिला वाटलं. त्या तिने आनंदाने ऐकून घेतल्या असत्या. ती खाली वाकली.

“पोरी,” आजोबा धापा टाकत म्हणाले, “फोटो नीट आला ना गं?”